वाडी, विहीर आणि वेदी

मराठी बायबलमध्ये धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या माणसासाठी ‘कारभारी’ हा शब्द रूढ झाला आहे. व्यवहारातल्या मराठीत मात्र कारभारी म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे, ज्याचा शब्द चालतो तो. एकाच शब्दाच्या या दोन छटांतले अंतर वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्ष अनुभवले. जमिनीचा माणूस धनी की राखणदार, हा प्रश्न तेथे धर्मशास्त्राच्या पोथीतून नव्हे, विहिरीच्या पाण्यातून उभा राहिला.

मुंबईच्या उत्तरेस, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, दक्षिणेस उल्हास आणि उत्तरेस वैतरणा यांच्या खाड्या असा हा प्रदेश आहे. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. येथील ख्रिस्ती समाज त्या काळातला. परंतु त्याची बोली, त्याची शेती आणि पुष्कळसे रीतिरिवाज मराठी मातीतलेच राहिले. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्यांवर तो जगत आला. वाडीतल्या विहिरी आणि बावखले ही त्याची खरी संपत्ती. बावखल म्हणजे पावसाचे गोडे पाणी साठवणारे, खणलेले तळे. ते वाडीला पाणी देते आणि भूगर्भातही मुरवते. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे पाणी बेसुमार उपसले की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर सहजासहजी पुन्हा गोडी होत नाही. वसईच्या लढ्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा विचार या साध्या भूजलशास्त्राला वगळून केला तर तो केवळ भावुकतेचा ठरेल.

मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली तेव्हा नव्या इमारतींना पाणी हवे होते. ते टँकरने गावांतल्या विहिरींतून जाऊ लागले. १९८८ साली शासनाने हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले केले आणि संकट दुहेरी झाले. या पार्श्वभूमीवर हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व नंदाखालचे सुपुत्र, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. शेतकरी, स्त्रिया, हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाजांतील माणसे त्यात होती. हे आंदोलन एका चर्चचे म्हणून सांगणे अन्यायाचे होईल. तथापि धर्मग्रामातल्या माणसांना रस्त्यावर आणणारी प्रेरणा बऱ्याच अंशी वेदीवरून मिळाली, हेही नाकारता येणार नाही.

त्या प्रेरणेचे मूळ बायबलमध्येच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र त्याला बागेत ठेवले आहे ते मशागत व राखण करण्यासाठी. १९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने पहिल्या आज्ञेवर बोट ठेवून पर्यावरणीय अरिष्टाचा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेला दिला. त्याचा आक्षेप खोटा नव्हता, अपुरा होता. लेवीयच्या पुस्तकात भूमी देवाची आणि माणूस तिच्यावरचा उपरा असे सांगितले आहे. नाबोथाची कथा तर वसईकराला शेजारच्या गावात घडल्यासारखी वाटावी: वाडवडिलांचा मळा विकण्यास नकार देणारा शेतकरी, तो बळकावू पाहणारा राजा आणि खोटे साक्षीदार. अहाब राजाला निदान तेथे भाजीचा मळाच करायचा होता, एवढाच काय तो फरक!

धर्मगुरूने मोर्चा काढावा काय, ही कुजबुज चर्चमध्येही होती. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, जमीन विकणाऱ्यांत रविवारी मिस्साला येणारेही होते. घरात लग्न आहे, भावांत वाटण्या झाल्या आहेत, शेती परवडत नाही. अशा माणसाला पापी ठरवणे सोपे नव्हते. राजकारण आणि गुंडगिरी यांच्या संगनमताविरुद्ध बोलायला दिब्रिटो कचरले नाहीत. आपल्याच माणसाच्या गरजेपुढे बोलणे त्याहून अवघड होते. आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणल्या जातात. शेतच विकले गेले तर त्या लोंब्या कोठून आणायच्या, हा प्रश्न उपासनेचाही होता.

जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिसंदेशात सृष्टीशी सलोख्याचा विषय मांडला आणि पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ २०१५ मध्ये आले. वसईतला विचार त्यांची वाट पाहत थांबला नव्हता. त्याला मराठी वाङ्मयाचाही आधार होता. वसईच्या धर्मप्रांताचे १९९८ मधील पहिले बिशप थॉमस डाबरे हे तुकारामांच्या ईश्वरानुभवाचे अभ्यासक. दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रमाण मराठीत बायबल सुबोध करणे आणि बावखल बुजू नये म्हणून झगडणे, ही दोन्ही कामे त्यांच्या ठायी एकाच निष्ठेची होती.

आंदोलनाने सारे वाचवले नाही. रेल्वेमार्गालगतची शहरे वाढतच गेली, २००९ मध्ये महानगरपालिका आली आणि तीत सामील होण्यास अनेक गावांनी विरोध केला. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो यांचे निधन झाले. किनाऱ्याकडच्या गावांत वाड्या अजून आहेत. काही बुजलेली बावखले पुन्हा उपसली गेली आहेत, काहींवर घरे उभी आहेत.