लॅपटॉप : बहुपडदा जोडणी

लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याखेरीज एक किंवा अधिक बाहेरचे मॉनिटर जोडून कामाची जागा वाढवण्याची व्यवस्था. साधे एक-दोन मॉनिटर जोडणे आता किरकोळ काम झाले आहे. ४के किंवा त्याहून अधिक रिझोल्यूशनचे दोन मॉनिटर एकाच लॅपटॉपवर पूर्ण वेगाने चालवायचे म्हटले की अडचणी सुरू होतात, आणि त्या सहसा मॉनिटरमध्ये नसतात. ग्राफिक्स चिप, लॅपटॉपचा पोर्ट, मधला डॉक किंवा अडॅप्टर, केबल आणि मॉनिटरचा पोर्ट या साखळीतली सर्वांत अरुंद जागा जेवढे चित्र जाऊ देईल, तेवढेच पडद्यावर उमटते. दुकानात गिऱ्हाईक पोर्ट किती आहेत ते मोजते. प्रत्येक पोर्टमधून सेकंदाला किती माहिती जाते, हे क्वचितच विचारले जाते.

ॲपलच्या १९८७ सालच्या मॅकिंटॉश टू या संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडता येत. पीसीवर ही सोय विंडोज ९८ने सर्वांच्या हाती दिली. डेस्कटॉपमध्ये दुसरे ग्राफिक्स कार्ड बसवले की काम भागे. लॅपटॉपमध्ये कार्डाला जागाच नसल्याने कारखान्यातून आलेल्या चिपवर आणि पोर्टांवर निभवावे लागते.

माहितीचा हिशोब : फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात. ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख. प्रत्येक बिंदूच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर एका ४के मॉनिटरला सेकंदाला सुमारे ११.९ गिगाबिट माहिती लागते. दोन चित्रांमधला रिकामा वेळ धरून ती साधारण १२.५ गिगाबिटवर जाते. सेकंदाला ३० चित्रांवर समाधान मानले, तर हा आकडा निम्मा होतो. या नोंदीतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ १२.५ या आकड्यात आहे.

एचडीएमआय १.४ (२००९) मधून ४के चित्र जाते, पण ३० हर्ट्‌झने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या वेगाने. ६० हर्ट्‌झसाठी २०१३चे एचडीएमआय २.० लागते. २०१९पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपांचा एचडीएमआय पोर्ट १.४च्या तोडीचाच होता, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जुने लॅपटॉप डागडुजी करून विकले जातात त्यांत हीच पिढी पुष्कळ भेटते. तिला ४के मॉनिटर लावला की चित्र दिसते, अक्षरे सुबक दिसतात, आणि माउसचा बाण मात्र हाताच्या मागे मागे येतो. गिऱ्हाईक माउस बदलून पाहते. विंडोजमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग उघडून तिथे ३० हर्ट्‌झ लिहिले आहे का, एवढे पाहिले तरी उलगडा होतो.

डिस्प्लेपोर्ट हे व्हेसा या संस्थेचे मानक २००६ सालचे. त्यात चार मार्गिका असतात. १.२ आवृत्तीत चारही मिळून प्रत्यक्ष चित्रासाठी १७.२८ गिगाबिट मिळतात, १.३ आणि १.४ मध्ये २५.९२. म्हणजे १.२च्या एका पोर्टवर एक ४के मॉनिटर ६० हर्ट्‌झने आरामात चालतो, दोन बसत नाहीत. १.४वर दोन अगदी काठोकाठ बसतात. २०१६च्या या १.४ आवृत्तीत चित्र दाबून पाठवण्याची सोयही आली. ती लॅपटॉप आणि मॉनिटर किंवा डॉक अशा दोन्ही टोकांना असेल, तर आणखी पडद्यांना वाव मिळतो.

यूएसबी-सीचा घोळ : २०१४मध्ये आलेल्या या लहान, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या पोर्टने सोय जितकी केली तितकाच गोंधळही केला. आकार एक, आत वेगवेगळे. काही पोर्टांतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात, काहींतून डिस्प्लेपोर्टचे चित्रही जाते, तर काही थंडरबोल्ट असतात. पोर्टाशेजारी विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट, डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर चित्र नक्की. काहीच खूण नसेल तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. केबलचेही तसेच आहे. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या यूएसबी-सी केबलमध्ये चित्रासाठी लागणाऱ्या तारा बहुधा नसतातच. ती मॉनिटरला लावली की लॅपटॉप चार्ज होऊ लागतो आणि पडदा काळाच राहतो. अशा वेळी मॉनिटर खराब म्हणून परत करणारे लोक आहेत.

हब किंवा डॉक घेताना आणखी एक खुबी लक्षात ठेवावी लागते. यूएसबी-सीच्या चार वेगवान मार्गिकांपैकी स्वस्त हब दोन मार्गिका पेनड्राइव्ह, नेटवर्क यांच्या वेगासाठी राखतो आणि दोन चित्राला देतो. लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट १.२च्या वेगाचा असेल, तर दोन मार्गिकांवर ८.६४ गिगाबिट उरतात; १२.५ त्यात मावत नाहीत आणि ४के पुन्हा ३० हर्ट्‌झवर येते. १.४चा वेग असेल तर दोन मार्गिकांवर १२.९६ मिळतात आणि एक ४के मॉनिटर ६० हर्ट्‌झने जेमतेम चालतो. हबच्या खोक्यावर ‘४के’ एवढेच मोठ्या अक्षरांत असते. हर्ट्‌झचा आकडा कुठे आणि किती बारीक छापला आहे, त्यावरून मालाची पारख होते. असा हब दोन एचडीएमआय पोर्ट दाखवत असेल तरी दोन ४केचे आश्वासन त्यात नाही.

थंडरबोल्ट ३ (२०१५) आणि ४ (२०२०) यांचा वेग ४० गिगाबिट. थंडरबोल्ट ४च्या प्रमाणपत्रासाठी दोन ४के मॉनिटर ६० हर्ट्‌झने चालणे सक्तीचे आहे, त्यामुळे नवा लॅपटॉप घेणाऱ्याला यापेक्षा सरळ खूण नाही. किंमत अर्थातच चढी. २०२३मध्ये जाहीर झालेले थंडरबोल्ट ५ याच्या दुप्पट वेगाचे आहे.

चिपची मर्यादा : पोर्ट कितीही असले तरी एकाच वेळी किती पडदे रंगवायचे हे ग्राफिक्स चिप ठरवते, आणि या मोजणीत लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही धरला जातो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सने २०१२च्या तिसऱ्या पिढीपासून तीन आणि २०२०च्या अकराव्या पिढीपासून चार पडद्यांची सोय दिली. याउलट ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर (२०२०) अतिशय वेगवान असूनही बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, एम२चेही तेच. एम३च्या एअरमध्ये (२०२४) झाकण मिटले तर दोन, एम४मध्ये (२०२५) झाकण उघडे ठेवूनही दोन. एका डिस्प्लेपोर्टमधून फाटे फोडून अनेक मॉनिटर चालवण्याची जी रीत १.२ आवृत्तीपासून विंडोजमध्ये चालते, ती मॅकवर चालत नाही. तिथे दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र येते.

यावर डिस्प्लेलिंक हा आडमार्ग आहे. त्यात लॅपटॉपचा प्रोसेसर चित्र दाबून साध्या यूएसबीवरून पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडते. ग्राफिक्स चिपची पडद्यांची मर्यादा त्यामुळे चुकवता येते. ड्रायव्हर टाकावा लागतो आणि प्रोसेसरवर भार पडतो. हिशोब, पत्रव्यवहार, अर्ज भरणे यांसाठी तो चांगला. चित्रफितीचे संपादन आणि खेळ यांसाठी नाही.

देवनागरी आणि रिझोल्यूशन : इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा मराठीत काम करणाऱ्याला दाट चित्रबिंदूंचा फायदा अधिक होतो. बारा पॉइंटचे अक्षर एक षष्ठांश इंच उंचीच्या जागेत बसते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला सुमारे ९२ बिंदू असतात, म्हणजे या जागेत १५ ओळी मिळतात. तेवढ्यात रफार, वेलांटी, अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली बसवायचा. ‘वर्षीं’ आणि ‘वर्षी’ यांतला अनुस्वार, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक तिथे पुसट होतो. २७ इंची ४के पडद्यावर इंचाला सुमारे १६३ बिंदू, म्हणजे त्याच अक्षराला २७ ओळी. मुद्रितशोधन, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके असे काम करणाऱ्या डीटीपीवाल्याला हा फरक लगेच कळतो. मात्र विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्क्यांच्या आसपास ठेवावे लागते, नाहीतर अक्षर सुबक पण मुंगीएवढे दिसते. एक मॉनिटर ४के आणि दुसरा फुल एचडी असल्यास दोन्हींचे स्केलिंग वेगळे ठेवता येते. काही जुन्या प्रणालींची अक्षरे एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढताना धूसर होतात, तो दोष मॉनिटरचा नव्हे.

फाट्यावरची मांडणी : परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे जालना–जिंतूर रस्त्यावरचे ठिकाण, सेलूकडे जाणारा रस्ता इथे फुटतो. अशा फाट्यांवरच्या सेवा केंद्रांत, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांत दुसऱ्या पडद्याचे काम ठरलेले असते. पीक विम्याच्या मुदतीच्या दिवसांत एका पडद्यावर सातबारा, आधार आणि पासबुकाचे स्कॅन उघडे ठेवायचे आणि दुसऱ्यावर अर्ज भरायचा. गट नंबर आणि खाते क्रमांक खिडक्या उलटसुलट न करता टिपता येतात, चुका कमी होतात. एक पडदा काउंटरपलीकडच्या शेतकऱ्याकडे वळवला, तर ‘दादा, नाव बरोबर आहे का बघा’ असे विचारून खात्री करता येते. त्यासाठी विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून डुप्लिकेट निवडायचे, एरवी एक्स्टेंड. या कामाला ४के लागत नाही. एका फुल एचडी मॉनिटरवर ते उत्तम होते, आणि वाचलेल्या पैशांत एक बरा प्रिंटर येतो. डीटीपी असेल तर एक ४के आणि एक साधा अशी जोडी दोन ४केंपेक्षा शहाणपणाची.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि मॉनिटर विझतात. सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या लहान पडद्यावर येऊन पडतात. विंडोज ११ त्यांच्या जागा लक्षात ठेवते आणि मॉनिटर परतला की त्या पूर्ववत करते. २७ इंची मॉनिटर साधारणपणे ३० ते ५० वॅट घेतो, त्यामुळे असे दोन दुकानातल्या इन्व्हर्टरला जड नाहीत. इन्व्हर्टरच्या मागचे बटण ‘यूपीएस’वर ठेवावे; ‘नॉर्मल’वर वीज बदलताना लागणारा वेळ जास्त असतो आणि मॉनिटर बंद होऊन पुन्हा सुरू होतात.

अर्थिंगकडे सहसा दुर्लक्ष होते आणि पोर्ट जळण्याचे ते एक मोठे कारण आहे. अर्थिंग नसेल किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कसाबसा बसवला असेल, तर वीजपुरवठ्यातल्या फिल्टरमुळे उपकरणाच्या धातूवर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत दाब येतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, हाताला नुसती झिणझिण जाणवते. पण चालू मॉनिटरची एचडीएमआय पिन चालू लॅपटॉपमध्ये घालताना तो नाजूक चिपमधून जाऊ शकतो. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. अर्थिंग नीट होईपर्यंत मॉनिटरचा प्लग काढून आधी चित्राची केबल बसवावी, मग वीज द्यावी. लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असावेत, आणि तो बोर्ड तीन पिनांचा असावा.