घरातला कोळसा, इंजिनातला कोळसा

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने गेल्या महिन्यात कोळशाची इस्त्री बंद करून गॅसवरची घेतली. "आजी, कपड्यावर ठिणगी पडायची भीती गेली," म्हणाला. त्याचे बरोबरच आहे. पण घरी आल्यावर कितीतरी वेळ माझ्या डोक्यात कोळसाच घोळत राहिला, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या लहानपणी घरात दोन प्रकारचे कोळसे असत आणि त्यांची गल्लत केलेली आईला खपत नसे. लोणारी कोळसा लाकडाचा. लाकडे रचून, वरून माती लिंपून, हवा कोंडून जाळली की तो तयार होतो. हलका, चटकन पेटणारा आणि महाग. तो इस्त्रीला किंवा बाळंतिणीच्या शेकाला. दगडी कोळसा खाणीतला, कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांचा. पेटायला हट्टी, पण एकदा पेटला की निखारा तासन् तास टिके. शेगडी अंगणात पेटवायची, धूर निघून गेला आणि निखारे लाल झाले की मगच आत आणायची. खाली उरलेली भुकटी शेणमातीत कालवून तिचे गोळे उन्हात वाळवायचे. थंडीत दार लावून शेगडीशेजारी झोपायचे नाही, हा नियम कडक होता. कार्बन मोनॉक्साइड हे नाव मी पुढे पुस्तकात वाचले. आईला फक्त एवढेच ठाऊक होते की माणूस झोपेतच जातो.

आम्ही भुसावळचे. अण्णा (माझे वडील) वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. कोळसा नुसता फेकायचा नसतो, भट्टीभर पातळ पसरायचा असतो, असे ते सांगत. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला की लांबून पाहणाऱ्याला गाडी जोरात निघाली असे वाटते. खरे म्हणजे तो न जळता वाया गेलेला कोळसा. चढावर तर फावडे थांबतच नसे. समोर भट्टीची धग, पाठीला वारा.

इंजिनाची भट्टी साफ केली की राखेबरोबर अर्धवट जळलेले खडे बाहेर पडत. गरिबांची बायकापोरे ते वेचून नेत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. महिनाअखेर होती, घरातला कोळसा संपला होता. शेजारच्या मुलींबरोबर मीही पिशवी घेऊन गेले. रात्री अण्णा आले, त्यांनी पिशवी जमिनीवर ओतली आणि कंदील जवळ घेऊन एकेक खडा निवडू लागले. "हा जळका आहे, राहू दे. हा चमकतो, हा इंजिनाचा." सात-आठ खडे चमकणारे निघाले. आई म्हणाली, "अहो, पोरीला काय कळतंय? सकाळी शेगडी कशावर पेटवू?" अण्णा काही बोलले नाहीत. मला हाताला धरून अंधारात रुळापर्यंत घेऊन गेले आणि ते खडे परत टाकायला लावले. मला वाटे, ही केवढी निष्ठा! आज वाटते, दुसऱ्या दिवशी आईने शेगडी कशावर पेटवली हे मी कधी विचारलेच नाही.

मात्र कोळशाला इतके जपायची सवय रेल्वेइतकीच जुनी असावी. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली त्या काळात इकडच्या इंजिनांसाठी कोळसा इंग्लंडहून जहाजाने येई. बंगालमध्ये राणीगंजच्या खाणी होत्या, पण मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला तो १८७० साली. आपल्याकडे वरोऱ्याची खाण सुरू झाली तीही त्याच दशकात. मुंबईच्या गिरण्यांनाही लांबून आणलेला कोळसा परवडेना, म्हणून टाटांनी मावळात धरणे बांधून १९१५ मध्ये खोपोलीला पाण्यावर वीज केली. त्यापुढच्या मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे शाळेत शिकवताना मी कोळशाचा उल्लेखसुद्धा करत नसे. आज शिकवले असते तर सुरुवात तिथूनच केली असती. असो.

पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावर विजेच्या तारा आल्या. अण्णांनी नव्या इंजिनाचे शिक्षण घेतले, पण डोळ्यांच्या तपासणीत बसले नाहीत. स्टोअरमध्ये बैठे काम मिळाले. पांढरा शर्ट घालून कामावर जाऊ लागले. आईचे धुण्याचे कष्ट वाचले, त्यांना मात्र चैन पडेना. काही वर्षांनी घरी गॅस आला. शेगडी माळ्यावर गेली. आईचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. निवृत्तीनंतर अण्णा संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसत. कोळशाची मालगाडी आली की डबे मोजत. एकदा मला म्हणाले, "तुम्ही म्हणता कोळसा गेला. अगं, शेगडी फक्त अंगणात नेऊन ठेवलीय." आधी मला तो एका फायरमनचा हट्ट वाटला. पण नुसती घाटातली गोष्ट घ्या. कसारा घाटात १९३०च्या सुमारापासून विजेची इंजिने होती आणि त्यांच्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीला उभारलेले चोळे पॉवर हाउस कोळशावरच चाले. आता ते बंद झाले आहे. पण २०२४-२५ मध्ये देशात पहिल्यांदाच वर्षाला १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला, आणि त्यातला बराचसा विजेसाठीच जाळला जातो. मी हे टाइप करते आहे तो संगणकही त्याच विजेवर चालतो.

काल इस्त्रीवाल्याकडे जुनी इस्त्री विकत मागायला गेले. पितळी होती, लाकडी मुठीची. "आजी, ती कधीच भंगारात गेली," म्हणाला. वजनावर दिली म्हणे.