पत्र्याची स्की : सहा जोड मोडले, मग पुढे?

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, जिथून ऐकत असाल तिथून आज जरा बर्फावर चला. विषय आहे हाताने बनवलेली, धातूच्या पत्र्याची स्की.

आपल्या सैन्याची स्की शाळा गुलमर्गला १९४८ मध्ये सुरू झाली. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. त्या काळी जगभर स्की बहुतेक लाकडाचीच असे. लाकूड ओल धरतं, पिळवटतं, मोडतं. आम्हा फौजी लोकांना याचा अर्थ लगेच कळतो. डोंगरात स्की मोडली की माणूस कमरेइतक्या बर्फात रुततो, आणि मग प्रश्न जिवाचा असतो.

धातू आधी आला तो कडेला. ऑस्ट्रियात सॅल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने १९२० च्या दशकात लाकडी स्कीच्या कडांना पोलादी पट्टीचे छोटे तुकडे स्क्रूने बसवले. तुकडे अशासाठी, की स्की वाकायला मोकळी राहावी. कडक बर्फावर पकड मिळाली, पण स्कीचं अंग लाकडाचंच राहिलं.

हे अंग बदललं हॉवर्ड हेडने. अमेरिकेत बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन विमान कारखान्यातला हा इंजिनिअर. १९४७ मध्ये तो पहिल्यांदा स्की करायला गेला आणि त्या जड लाकडी फळ्या पाहून त्याला वाटलं, विमानाच्या युक्तीने आपण याहून चांगल्या करू. युक्ती सँडविचची : वर-खाली अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये हलका गाभा. वाकताना ताण येतो तो वरच्या आणि खालच्या थराला. तिथे मजबूत पत्रा असला की मधलं वजन कमी करता येतं. थर चिकटवायला त्याने ते रबरी पिशवीत घातले, पंपाने हवा ओढून घेतली आणि पिशवी उकळत्या तेलात बुडवली.

पहिले सहा जोड त्याने व्हरमाँटमधल्या स्टो गावच्या स्की शिक्षकांकडे दिले. सहाही मोडले.

पुढची तीन वर्षं तो स्की करायचा, शिक्षक मोडायचे. गाभा पिचला, म्हणून प्लायवूडचा घातला. अॅल्युमिनियमची कड मऊ, बर्फावर झिजायची. पोलादी कड लावली. उघड्या पत्र्याला बर्फ चिकटायचा. तळाला प्लॅस्टिक आलं. सुमारे चाळीस प्रयोगांनंतर १९५० मध्ये स्की टिकली. तोवर वजन लाकडाच्या जवळपास गेलं होतं, पण वळायला ती इतकी सोपी, की लोक तिला चेष्टेने ‘चीटर’ म्हणू लागले. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या जाँ व्हुआर्नेने डाउनहिलचं सुवर्ण जिंकलं ते धातूच्या स्कीवर.

आजही हौशी लोक घरच्या शेडमध्ये पत्रा घालून स्की करतात. बहुतेक वेळा पत्रा तुटत नाही, सुटतो. गुळगुळीत, तेलकट अॅल्युमिनियमवर इपॉक्सी धरत नाही. म्हणून पत्रा आधी खरवडायचा, नीट पुसायचा, मग बोटही लावायचं नाही. धातू आणि लाकूड थंडीत सारखे आकसत नाहीत. त्यासाठी पोलादी कडेवर रबराची पातळ पट्टी घालतात.

मला हेडचं मोठेपण पत्र्यात दिसत नाही. आपली वस्तू मोडेपर्यंत वापरणाऱ्यांच्या हाती त्याने ती दिली, आणि मोडलेले तुकडे परत मागवून नीट पाहिले. फौजेला सामान पुरवणाऱ्या प्रत्येकाने एवढं केलं, तरी डोंगरातली पोरं सुखरूप खाली येतील.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.