जंगल नेमके कुणाचे? मेंढा-लेखाच्या बांबूतून समजून घ्या ‘कॉमन्स’चा जागतिक वाद

२००९ साली दोन घटना घडल्या. ऑक्टोबरमध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पहिल्यांदाच एका महिलेला जाहीर झाले. त्या होत्या अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. या दोन्ही घटनांच्या मुळाशी प्रश्न एकच होता: जी संपत्ती कुणा एकाची नाही, ती सांभाळायची कुणी आणि तिचे उत्पन्न घ्यायचे कुणी?

‘कॉमन्स’ म्हणजे काय?

गायरान, गावतलाव, नदीतले मासे, जंगलातला बांबू, तेंदूपत्ता, मोहफूल ही सगळी सामूहिक संसाधने आहेत. अर्थशास्त्रात त्यांना ‘कॉमन्स’ म्हणतात. त्यांची दोन वैशिष्ट्ये असतात. एक, कुणाला वापरापासून रोखणे अवघड असते. दोन, एकाने घेतले की दुसऱ्यासाठी तेवढे कमी होते.

चंद्रपूर-गडचिरोली भागात यासाठी ‘निस्तार’ हा जुना शब्द आहे. घरासाठी बांबू, चुलीसाठी जळण, गुरांसाठी चारा घेण्याचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार हक्क. गरजेपुरते घ्यायला परवानगी होती. मालकी आणि विक्रीचा अधिकार मात्र सरकारकडे राहिला.

वाद सुरू कुठून झाला?

१९६८ साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचा एक लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी गायरानाचे उदाहरण दिले. एखाद्याने एक गाय जास्त सोडली, तर फायदा पूर्ण त्याचा होतो, पण गवत संपल्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो. म्हणून प्रत्येक जण गाई वाढवत जातो आणि शेवटी गायरान उजाड होते. ही झाली ‘कॉमन्सची शोकांतिका’.

या मांडणीतून दोन उपाय पुढे आले: संपत्ती खासगी मालकीची करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. अनेक देशांच्या वनधोरणाला आणि जमीनधोरणाला या विचाराने बळ दिले.

ऑस्ट्रॉम यांनी काय दाखवले?

ऑस्ट्रॉम यांनी तर्कापेक्षा प्रत्यक्ष गावांकडे पाहिले. स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल गावात १५१७ सालापासून एक लेखी नियम आहे: हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतः पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामूहिक कुरणात सोडा. जपानमधली गावांची जंगले आणि स्पेनमधले पाटपाणी यांतही असेच नियम त्यांना दिसले.

१९९० साली आलेल्या पुस्तकात त्यांनी अशा टिकाऊ व्यवस्थांची आठ सूत्रे मांडली. संसाधनाची हद्द ठरलेली हवी. नियम स्थानिक परिस्थितीला धरून हवेत आणि वापरणाऱ्यांनीच ते ठरवावेत. राखण त्यांचीच असावी. दंड चुकीच्या प्रमाणात वाढत जावा. भांडण कमी खर्चात मिटावे. सरकारने गावाचा हा अधिकार मान्य करावा. आणि संसाधन मोठे असेल, तर लहान संघटनांवर मोठी संघटना अशी उतरंड असावी.

हार्डिन यांनीही १९९४ मध्ये आपली मांडणी दुरुस्त केली. शोकांतिका होते ती व्यवस्थापन नसलेल्या कॉमन्सची, असे त्यांनी लिहिले.

मेंढ्यात काय घडले?

‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढ्याची. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल ही या प्रयोगाशी जोडलेली दोन ठळक नावे. गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल, तर चर्चा चालू राहते. प्रश्न समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट बसतो.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना. जंगलातून माल बाहेर न्यायला वाहतूक परवाना, म्हणजे टीपी लागतो आणि तो वनविभागाच्या हातात होता. त्यातच १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता, तर २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपज. झाड म्हटले तर मालकी सरकारची, गौण वनोपज म्हटले तर गावाची. एका व्याख्येवर लाखो रुपये अडले होते.

२७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१२ मध्ये वनहक्क कायद्याचे नियम बदलले आणि वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये संसदेने वनाबाहेरचा बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून काढला.

याचा अर्थशास्त्राशी काय संबंध?

बांबू कागद कारखान्यांचा कच्चा माल आहे. देशात अनेक दशके सरकारी करारांतून हा बांबू कारखान्यांना अत्यल्प दरात मिळत होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या अभ्यासातून याचा परिणाम दाखवला. कच्चा माल जवळपास फुकट असेल, तर तो जपण्याचे कारणच उरत नाही. एक जंगल संपले की पुढचे तोडायचे. म्हणजे ऱ्हास सरकारी मालकीतही होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव याच्या उलट दिशेने गेले. २०१२ साली त्याला हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला. बांबू विकून गावात रोजगार उभा राहिला. मात्र तेंदूपत्ता तोडायचाच नाही, असे ग्रामसभेने ठरवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात आणि खायला टेंभरे उरत नाहीत, ही त्यामागची कारणे. हाताशी आलेले उत्पन्न गावाने स्वतःहून सोडले. हार्डिन यांच्या गायरानात असा माणूस नव्हता.

मग ऑस्ट्रॉम जिंकल्या का?

इतके सोपे नाही. टीकाकार तीन मुद्दे मांडतात.

पहिला, प्रत्येक गाव मेंढा नसते. मेंढ्यामागे अनेक वर्षांचे संघटन आहे. गावात जातीची किंवा पैशाची दरी असेल, तर ‘सामूहिक’ निर्णय मोजक्या लोकांचे होऊ शकतात. बायकांचा आवाज दबला, तर सर्वसहमतीही कागदावरच राहते.

दुसरा, हक्क मिळाला म्हणून बाजार हाती येत नाही. ७० पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असा तेंदूपत्त्याचा हिशेब. तिचा दर लिलावात ठरतो आणि वर्षागणिक वर-खाली होतो. ठेकेदाराने पैसे थकवले, तर एकटी ग्रामसभा फार काही करू शकत नाही. म्हणूनच कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा स्थापन केली. लहान संघटनांवर मोठी संघटना, हे ऑस्ट्रॉम यांचे आठवे सूत्र तिथे दिसते.

तिसरा मुद्दा सर्वांत कळीचा. जंगलाखाली खनिज असेल तर काय?

सुरजागडचा प्रश्न

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. तिथल्या खाणीची वार्षिक क्षमता २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. राज्य सरकार गडचिरोलीला पोलाद उद्योगाचे केंद्र करू पाहत आहे. रोजगार आणि रस्ते येतील म्हणून पाठिंबा देणारे स्थानिक आहेत. जंगल, पाणी आणि देवस्थाने जातील म्हणून विरोध करणाऱ्या ग्रामसभाही आहेत.

इथे हिशेबाची पद्धतच वादात येते. खनिज काढले की जीडीपी वाढतो, पण जमिनीतला साठा तेवढा घटला, ही वजाबाकी त्यात होत नाही. उलट घरी शिजवलेले वास्ते, चुलीचे जळण आणि वेचलेली मोहफुले यांची किंमत बाजारात फारशी दिसत नाही. खाणग्रस्त भागासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. परंतु निधीतून भरपाई मिळते, ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मिळत नाही.

ओडिशातील नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांत मात्र वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याने करायची, असे ठरले. त्यामुळे ग्रामसभेच्या संमतीला अर्थ उरत नाही, अशी टीका झाली.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. गाव जंगल सांभाळू शकते का, याचे उत्तर मेंढा आणि पाचगावने दिले आहे. त्या जंगलाखाली मौल्यवान खनिज सापडल्यावरही गावाचा शब्द अखेरचा राहील का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.