जुनी स्विफ्ट की जुनी पोलो? सुरक्षितता आणि भरवशाच्या नोंदी काय सांगतात

कमी बजेटमध्ये सेकंड हँड हॅचबॅक शोधताना मारुती स्विफ्ट आणि फोक्सवॅगन पोलो ही दोन नावं हमखास समोर येतात. पोलो तर पुणे जिल्ह्यातच, चाकणच्या कारखान्यात तयार व्हायची. सोशल मीडियावर या दोघींचा निकाल एका ओळीत लावला जातो: ‘पोलो फोर स्टार, स्विफ्ट झिरो.’ ही ओळ अर्धीच खरी आहे आणि जुनी गाडी घेताना उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा ठरतो.

क्रॅश टेस्टमध्ये नेमकं काय झालं?

ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतातील पाच छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले. या चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते आणि समोरचा फक्त ४० टक्के भाग धडकतो. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार स्टार मिळाले. पोलोचा सांगाडा मात्र स्थिर असल्याचं आढळलं. त्यानंतर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो भारतात विकणं बंद केलं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये स्विफ्टचा निकाल आला. हे ऑगस्ट २०११ मध्ये आलेलं दुसऱ्या पिढीचं मॉडेल होतं. चाचणीतल्या गाडीला एअरबॅग नव्हत्या. तिला शून्य स्टार मिळाले आणि सांगाडाही अस्थिर ठरला.

म्हणजे स्टार गाडीच्या नावाला नसतात, त्या विशिष्ट व्हेरिएंटला असतात. २०१० ते २०१३ मधली खालच्या व्हेरिएंटची पोलो चार स्टारवाली नाही. एअरबॅग असलेली झेडएक्सआय किंवा झेडडीआय स्विफ्ट ही चाचणीतली स्विफ्ट नाही, पण तिचा सांगाडा त्याच पिढीचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेली स्विफ्ट पुढच्या पिढीची आहे. दोन एअरबॅगसह तिला त्याच वर्षी दोन स्टार मिळाले.

या रस्त्यांवर फरक का पडतो?

पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, इंदापूरमार्गे जातो. पाटस-बारामती-इंदापूर हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आहे. अशा रस्त्यांवर वेग सहज वाढतो. गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशा कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रीही चालू असतात. अनेकदा मागे रिफ्लेक्टर नसतो.

उंच ट्रॉलीला मागून धडक बसली, तर बॉनेट खाली शिरतं आणि आघात थेट काचेवर येऊ शकतो. ही परिस्थिती वरच्या चाचणीत तपासलेली नाही. इथे स्टारपेक्षा धडक टाळणं महत्त्वाचं: स्वच्छ हेडलाइट, चांगले टायर, एबीएस आणि आवरता वेग. कारमध्ये सगळ्यात स्वस्त सुरक्षा म्हणजे सीट बेल्ट. तो मागच्या सीटवरही लावायचा असतो. बेल्ट नसेल तर एअरबॅगचा उपयोगही कमी होतो.

भरवशाच्या बाबतीत कोण पुढे?

स्विफ्टचं १.२ लिटर पेट्रोल आणि १.३ लिटर डिझेल ही दोन्ही इंजिनं टायमिंग चेनवर चालतात. डिझेल इंजिन मूळ फियाटच्या रचनेचं आहे. तेच इंजिन इतरही अनेक गाड्यांत असल्याने ते ओळखणारे मेकॅनिक आणि सुटे भाग तालुक्यातही सहज मिळतात.

डिझेल पोलोमध्ये टायमिंग बेल्ट असतो. तो ठरावीक अंतराने किंवा वर्षांनी बदलावा लागतो. बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन आदळून इंजिन उघडावं लागू शकतं. ‘बेल्ट कधी बदलला?’ याचं बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा धरावा. पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स चालवायला सुरेख आहे, पण दुरुस्तीला महाग. २०१३ मध्ये याच प्रकारच्या गिअरबॉक्ससाठी कंपनीने चीनसह काही देशांत गाड्या परत बोलावल्या होत्या. फोक्सवॅगनचं सर्व्हिस जाळंही मारुतीपेक्षा खूप लहान आहे.

रिकॉलच्या नोंदी

दोष सुधारण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं म्हणजे रिकॉल. सप्टेंबर २०१४ मध्ये मारुतीने वायरिंग तपासण्यासाठी जुनी डिझायर, स्विफ्ट आणि रिट्झ मिळून ६९,५५५ डिझेल गाड्या बोलावल्या. त्यात स्विफ्ट १२,४८६ होत्या. त्याआधी एप्रिलमध्ये इंधन भरण्याच्या नळीसाठी स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून एक लाखाहून जास्त गाड्या बोलावल्या होत्या. फोक्सवॅगन समूहाने डिसेंबर २०१५ मध्ये भारतात सुमारे ३.२३ लाख डिझेल गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. तो धुराच्या उत्सर्जनाशी संबंधित होता.

रिकॉल झालेली गाडी वाईट, असं नाही. काम झालं की नाही, हे चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं.

सौदा करण्यापूर्वी

- इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर गाडी तपासून घ्यावी.
- व्हेरिएंट मागच्या बॅजवरून ठरवू नये, आरसीवरून खात्री करावी.
- आरसीवर बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे परिवहनच्या पोर्टलवर पाहावं.
- खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११-१२ ची गाडी २०२६-२७ मध्ये फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कराला येते. बारामती आणि इंदापूरच्या गाड्यांचं काम बारामतीच्या एमएच-४२ कार्यालयात होतं.

मग निवड कोणती?

लांबचा, रात्रीचा प्रवास जास्त आणि बेल्टची बिलं हातात असतील, तर २०१४ नंतरची दोन एअरबॅगची पोलो उजवी. गावातच दुरुस्ती हवी असेल, तर स्विफ्ट सोयीची, पण एअरबॅग आणि एबीएस असलेलीच. बिनएअरबॅगची गाडी दोघींपैकी कोणतीही असो, स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.