यदृच्छा

यदृच्छा : योजना, हेतू किंवा ठरावीक कारण यांवाचून आपोआप घडणारी गोष्ट. ‘यद्’ (जे) आणि ‘ऋ’ धातूचे ‘ऋच्छ्’ हे रूप (जाणे, येऊन पोचणे) यांपासून हा स्त्रीलिंगी संस्कृत शब्द बनला. मूळ अर्थ ‘जे समोर येईल ते’. शब्दाच्या उच्चारात ‘इच्छा’ ऐकू येते, तरी त्या शब्दाचा व्युत्पत्तीशी संबंध नाही.

श्वेताश्वतर उपनिषदात (१.२) काल, स्वभाव (पहा : स्वभाववाद), नियती (पहा : नियतिवाद), भूते इत्यादींबरोबर यदृच्छा हे जगाचे संभाव्य कारण म्हणून विचारार्थ मांडले आहे, पुढच्याच मंत्रात देवाच्या आत्मशक्तीकडे निर्देश होतो. भगवद्गीतेत (४.२२) न मागता मिळालेल्यावर संतुष्ट राहणे हे कर्माने बद्ध न होणाऱ्याचे लक्षण सांगितले आहे. व्याकरणशास्त्रातील अर्थ वेगळा व विशेष लक्षणीय आहे : जाती, गुण वा क्रिया यांचा आधार न घेता बोलणाऱ्याने स्वेच्छेने ठेवलेले नाव म्हणजे यदृच्छाशब्द; ‘डित्थ’ हे त्याचे रूढ उदाहरण (पहा : पतंजली; महाभाष्य).

मराठीत ‘यदृच्छया’ हे क्रियाविशेषण ग्रांथिक भाषेत आढळते. संख्याशास्त्रातील ‘यादृच्छिक’ ही संज्ञा याच शब्दापासून घेतली आहे, मात्र यादृच्छिक नमुना काळजीपूर्वक आखून निवडावा लागतो (पहा : नमुना निवड, काकतालीय न्याय).