धाब्यावरची खारी माती आणि भिंतीतल्या चिमण्या



या पानावर एरवी सोयाबीन, तूर आणि पावसाच्या नोंदी असतात. आज घराबद्दल लिहितो, कारण यंदाच्या उन्हाळ्यात डोणगावच्या आमच्या घरातली शेवटची धाब्याची खोली उतरवली. उतरवताना जे हाती लागलं ते सगळं मातीशीच येऊन थांबतं, म्हणून पान बदललं असं समजू नका.

नव्या पोरांनी धाबं पाहिलेलंच नाही. त्यांना 'नियम धाब्यावर बसवले' एवढंच माहीत. तर धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर बारक्या लाकडांची दाट किलचणं. त्यावर तुराट्या-पऱ्हाट्या, कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर खारी माती. पाणी काढून द्यायला कडेला पन्हाळ. खाली दोन-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती. बाहेर 44 अंश असताना आत माठ ठेवल्यासारखं गार.

खाऱ्या मातीची गंमत कृषीवाल्या मित्रांना जास्त कळेल. ज्या मातीत सोडियम जास्त, ती पाणी पडलं की विरघळल्यासारखी होते, तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि वरून पापुद्रा धरतो. खाली पाणी जातच नाही. शेतात असं झालं की आपण त्याला चोपण म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात लोक पिढ्यानपिढ्या या दुखण्याशी झगडतायत. आणि शेत नासवणारा तोच गुण छतावर घर कोरडं ठेवत होता. जिप्सम टाकतो तेव्हा आपण नेमकं याच्या उलटं करतो: सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवतो, कण पुन्हा गुच्छ धरतात, पाणी मुरतं. आमच्या आज्यानं प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण कोणती माती कुठं टाकायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच उतरवलेली माती मी शेतात नेऊ दिली नाही. भिंतींच्या मातीची गोष्ट वेगळी. ती गावठाणातली पांढरी. जुन्या बोलीत शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उभी केलेली भिंत फाटते. म्हणून गाव तिच्यापासून बाजूला वसवायचं. आणि एकदा गाव वसलं की पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, कचरा यांनी शेकडो वर्षांत तिथली माती आणखी पांढुरकी होत जाते. पुराणवस्तू शोधणारे लोक जुनी गावं अशीच हुडकतात, पांढरीचं टेकाड बघून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी घोडनदीकाठी इनामगावला 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची मातीची घरं निघाली. चुली, धान्याच्या कणग्या ठेवायच्या जागा, सारवलेल्या जमिनी. म्हणजे आपली आई-आजी दर आठवड्याला शेणानं सारवत होत्या, ते काम निदान तेवढं जुनं. त्या कामाची मजुरी कुणी कधी धरली नाही, हे जाता जाता सांगतो.

आता मुद्द्याची गोष्ट. धाब्याची डागडुजी दर वर्षी मृगाच्या आधी व्हायची. घरचेच सगळे, बैलगाडीनं खारी माती आणायची, धाब्यावर पसरायची, चोपायची. जुना थर काढायची पद्धत नव्हती, त्यावरच नवा. बोटभर यंदा, बोटभर पुढच्या वर्षी. आमच्या खोलीवर मोजला तेव्हा थर फूटभर भरला. दहा बाय बाराची खोली. हिशेब करा: 120 घनफूट माती, कोरडी धरली तरी साडेपाच टनांच्या आसपास. पावसात भिजली की त्याहून जास्त. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर साडेतीन टन, आणि तोही एकसंध. म्हणजे आपण ज्याला घराची काळजी घेणं म्हणत होतो, त्यातूनच डोक्यावरचं वजन दर वर्षी वाढत होतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत हेच वजन खाली आलं. चार वाजायला चार मिनिटं होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून गाढ झोपलेले. लातूर-उस्मानाबाद भागात साताठ हजारांहून अधिक माणसं गेली. तिथं धाब्याला माळवद म्हणतात, आणि भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, फार जाड. अशा भिंतीला दोन तोंडं असतात, आतलं आणि बाहेरचं. दोन्हींना बांधणारा आरपार दगड मधे मधे घातला नसेल तर हादऱ्यानं ती दोन फाकांसारखी सुटते. वरून फूट-दोन फूट माती. बाहेर पडायला वेळच मिळाला नाही.

तेव्हा मी शाळेत होतो. त्या आठवड्यात आमच्या घरचे सगळे अंगणात झोपले, थंडी असून. आजी मात्र आतच. पण त्यानंतर गावात ज्याच्या हातात चार पैसे आले त्यानं पहिलं काम धाबं पाडायचं केलं. सिमेंट तोवर सहज मिळू लागलं होतं. 1989 पर्यंत त्यावर सरकारी नियंत्रण होतं, एके काळी तर परमिटशिवाय पोतं मिळत नसे. पुढं घरकुल योजनांनीही मातीची भिंत म्हणजे कच्चं घर अशीच मोजणी केली. त्यात चूक काय म्हणणार? किल्लारीनंतर 'मातीची घरं किती छान' असं शहरात बसून लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

पण भिंतीत आणखी कोणी राहत होतं.

मार्च सरता सरता मिस्त्री ठरला, इसार दिला. एप्रिलच्या सुरुवातीला सऱ्यांच्या टोकाशी हात घातला तर आत चिवचिवाट. किलचणं आणि भिंत यांच्या सांध्यात चिमण्यांची चार घरटी, दोन्हींत-तिन्हींत पिल्लं. मी म्हटलं मजूर ठरलेत, मृगाआधी स्लॅब पडला पाहिजे. बाबा खाटेवरूनच म्हणाले, "पिल्लं उडू दे, मंग काय पाडाचं ते पाड." त्यांच्यापुढं बोलायची सोय नाही.

चिमणीची अंडी साधारण बारा-तेरा दिवसांत फुटतात आणि पिल्लू पंधरवड्यात उडतं. म्हणून वीस-पंचवीस दिवस थांबायचं ठरलं. मजूर दुसऱ्या कामावर गेले, मिस्त्रीनं दर वाढवला. त्या दिवसांत रिकामा बसून मी घरट्याकडं बघत होतो. आई-बाप दिवसभर फेऱ्या मारत होते आणि चोचीत दाणा नव्हता, अळ्या होत्या. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लाला सुरुवातीला किडेच लागतात. परसातल्या वांग्यांवरच्या अळ्या त्या नेत होत्या. 1958 साली चीननं धान्य खातात म्हणून चिमण्या मारायची मोहीमच काढली होती. किडी वाढल्यावर 1960 मध्ये यादीतून चिमणी काढून तिथं ढेकूण घातला. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं.

चिमण्या मोबाईल टॉवरनं गेल्या, असा मेसेज दर 20 मार्चला फिरतो. हा जागतिक चिमणी दिवस 2010 पासून पाळतात, आणि त्यामागं नाशिकचे मोहम्मद दिलावर यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत. टॉवरचा पक्का पुरावा मला कुठं दिसला नाही. 2020 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालानुसार देशभर चिमणी साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी झालीय. आपल्याकडं कमी वाटते त्याची कारणं मला घराजवळच दिसतात. धाबं गेलं, भिंतीतली भोकं गेली. ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं. सोयाबीनचा दाणा चिमणीच्या चोचीचा नाही. खळं गेलं, दारावर टांगलेली कणसं गेली. अळीवर फवारणी आली. यातलं एकही आपण चिमणीला हाकलायला केलं नाही. मी स्वतः बारा वर्षं ज्वारी पेरलेली नाही आणि भाव बघता पुढंही पेरेन असं नाही.

पिल्लं एप्रिलअखेर उडाली. त्याच संध्याकाळी सगळी भोकं चिंध्यांनी बुजवली, कारण चिमणी पाठोपाठ दुसऱ्यांदा अंडी घालते आणि मग पुन्हा महिनाभर थांबावं लागलं असतं. सागवानी तुळया विकत घ्यायला माणसं दारात आली, शहरातल्या हॉटेलांना लागतात म्हणे. दोन विकल्या, एकीचा ओटा केला. स्लॅब 9 जूनला पडला, आभाळ भरून आलेलं असताना. ताडपत्र्या मागून आणल्या.

नव्या भिंतीत छज्जाखाली, पूर्वेच्या बाजूला, नऊ फुटांवर मिस्त्रीकडून पाच पोकळ्या ठेवून घेतल्या. एक-एक वीट आत सरकवून वीतभर जागा, तोंडावर फरशीचा तुकडा आणि त्याला सव्वा इंचाचं भोक. त्याहून मोठं केलं की साळुंकी घुसते. बसायला दांडी लावायची नाही, त्यावर कावळा बसतो. पाचही जवळजवळ ठेवल्या, कारण चिमण्या मोहल्ल्यानं राहतात. आधी हौसेनं एक पेटी पश्चिमेला पत्र्याखाली टांगली होती, तिच्यात दुपारी हात घालवत नव्हता. ती काढून टाकली.

मिस्त्री हसला. म्हणाला, लोक भोकं बुजवायला बोलावतात, तुम्ही पाडायला सांगता.

श्रावणात दोन पोकळ्यांत काड्या जाताना दिसल्या. तिसरीत गांधीलमाश्यांनी घर केलंय. बाबांची खाट आता त्याच भिंतीखाली असते, त्यामुळं त्या माश्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. कुणी धूर न करता काढल्या असतील तर खाली लिहा.